आत्याबाई, आपल्या दारावर आता पाटी आहे

प्रिय आत्याबाई,

शरणार्थ.

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत तुम्हाला काही लिहावं असं मला वाटलं नाही, खरं सांगते. रडायलाच वेळ मिळाला नाही, लिहायचं कुठून? पण गेल्या मंगळवारी तुमची अहमदपूरकडची शांताबाई आपल्या दारातून उपाशी गेली, आणि तिला उपाशी पाठवणारी मी आहे. हे मी तुमच्या लेकाला, ह्यांना, सांगितलेलं नाही. कंधारला आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "आगं आता ज्याला त्याला कोण जेवू घालतंय? सोड की." तिनं इतक्या पटकन सोडायला सांगितलं की मला जास्तच लागलं. मग सांगायला राहिलं कोण? तुम्हीच. डबे गेलेत, गौरी शाळेत आहे, दुपारचा एक तास माझा आहे. रागवायचं तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

सुरुवात हप्त्यापासून करावी लागेल. तुम्ही होता तेव्हा तो सोळा हजार आठशे होता. आठवतं ना, हे रो हाऊस घेताना आपण सगळे बँकेत गेलो होतो? अहमदपूरचं दुकान विकून आले तेवढे भरले आणि उरलेल्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलं. बाईचं नाव आधी लावलं की व्याज जरा कमी बसतं म्हणून तुमचं नाव पहिलं, तुमच्या मन्मथचं दुसरं. तुम्ही जरीची टोप पदराची साडी नेसून, कपाळाला ताजी विभूती लावून आला होता. साहेब समजावत होता, पहिली तीन वर्षं व्याज बदलणार नाही, अगदी निर्धास्त राहा. आम्ही दोघं माना हलवत होतो. आणि तुम्ही एकच प्रश्न विचारला.

"आन् चौथ्या वर्षी?"

सगळे हसले. मीही हसले, आत्याबाई! साहेब म्हणाला, "आजी, चौथ्या वर्षाचं चौथ्या वर्षी बघू, कमीसुद्धा होतं." तुम्ही पिशवीतून चष्मा काढून त्या कागदांकडे एकदा बघितलंत आणि सही केलीत. सातवी शिकलेल्या बाईला जे सुचलं ते बी. कॉम. झालेल्या आम्हा दोघांना का सुचलं नाही? आम्हाला नवीन घराच्या फरशा दिसत होत्या, दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि मग चौथं वर्ष लागलं. बँकेनं पत्र पाठवलं होतं. तुमच्या नावावर आलं, तुम्ही सही करून घेतलंत, आणि तुमच्या पद्धतीप्रमाणे देवापुढं ठेवलंत! मामंजींच्या उधारीच्या दाव्याचा कोर्टाचा कागद म्हणे अमावस्येला उघडला आणि केस हरली, तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक सरकारी कागद सोमवारपर्यंत देवघरात राहायचा. सोमवारी जंगमस्वामी येणार, त्यांचं जेवण होणार, मग कागद उघडायचा. लाइटचं बिलसुद्धा! दोनदा दंड भरलाय आपण त्यापायी. मी चिडायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "दोन दिसानं काय आभाळ कोसळतंय का?"

ते पत्र गुरुवारी आलं असणार. शनिवारी सकाळी पीठ मळता मळता तुमच्या हातातून परात निसटली. मी ओरडले, अहो सांभाळा, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत तर तोंड एका बाजूला ओढलेलं. पुढचे अकरा दिवस दवाखाना. मग आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून, फुलांनी सजवून अहमदपूरला नेलं, मामंजींच्या शेजारी शेतात मातीत ठेवलं. पत्र कुणाच्या लक्षात असणार? ते विभूतीच्या डब्याखाली तसंच पडून राहिलं.

खरी गंमत पुढं आहे. गंमत कसली म्हणा. तुमच्या लेकाला एवढं माहीत होतं की तीन वर्षं संपली, आता हप्ता वाढणार. डाळमिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस, एवढं त्याला कळतंच. महिन्याच्या पाच तारखेला मोबाईलवर मेसेज आला, सोळा हजार आठशेच कापले. पुढच्या महिन्यातही तेवढेच. हे देवघरापुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आईनं वर जाऊन बघितलं बघ." मी शिरा केला, आत्याबाई. तुमच्या फोटोला नैवेद्य दाखवला आणि शेजारच्या दोन घरी वाटलासुद्धा.

श्रावण लागायच्या आधी देवघर धुवायला काढलं तेव्हा पत्र सापडलं. सातच्या आतलं व्याज नऊच्या वर गेलेलं. खाली लिहिलं होतं, एक तर हप्ता वाढवून घ्या, नाही तर मुदत वाढवून घ्या. तीस दिवसांत काही कळवलं नाही तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवण्यात येईल. आम्ही कुठं काय कळवलं? बँकेनं आपल्या मनानं मुदत वाढवली. सतरा वर्षं राहिली होती, त्याची सत्तावीस झाली. दहा वर्षं जास्त, आणि आम्ही शिरा वाटत होतो!

तुमच्या लेकानं बोटं मोजली. चव्वेचाळीस अधिक सत्तावीस. मग पुन्हा मोजली, जणू दुसऱ्यांदा कमी भरणार होती. "एकाहत्तर," म्हणाले, आणि अंघोळीला गेले. रविवार होता, अंघोळ सकाळीच झालेली होती. आत नळ चालू होता बराच वेळ. लातूरमध्ये पाण्याला आपण किती जपतो तुम्हाला माहीत आहे, पण मी नळ बंद करा म्हटलं नाही.

त्या दिवशी मी तुमच्यावर किती चिडले असेन! फोटोकडे बघून मोठ्यानं बोलले. "उघडलं असतं तर काय झालं असतं? एक गुरुवार उघडलं असतं तर?" गौरी दारात येऊन उभी राहिली तेव्हा गप्प बसले. मग मनात आलं, तुम्ही उघडलं असतं तरी वाचून आम्हालाच दिलं असतं ना, आणि आम्ही बघू बघू म्हणत ते टीव्हीखाली सारलं असतं. पण माणूस मेलेल्यावर राग काढतो, ते उलट बोलत नाही म्हणून.

मग बँक. तुमचा लेक आडतीवर तुरीच्या क्विंटलला पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, पण बँकेत मात्र काचेच्या पलीकडं माणूस बसला की "हो साहेब, बरं साहेब." मुदत पुन्हा सतरा वर्षांवर आणून हप्ता वाढवून घेतला. घेतला ते बरोबरच, एकाहत्तरीपर्यंत कुणाला कळतंय काय होईल. पण हप्ता झाला एकोणीस हजार सहाशे. दोन हजार आठशे रुपये दर महिन्याला वर. ऐकायला काही फार नाही. बत्तीस हजारांच्या पगारात मात्र ते बरोबर दिसतात, रोज, कुठल्या ना कुठल्या वस्तूत. दूध अर्धं झालं. माझी भिशी सुटली. गौरीची सहल गेली. ह्यांनी स्कूटी मला दिली आणि स्वतः मिलला चालत जायला लागले, डॉक्टरनं सांगितलंय म्हणतात. कुठल्या डॉक्टरनं ते मी विचारलं नाही.

म्हणून मी मेस सुरू केली.

हं, आता तुमचा चेहरा दिसतोय मला. दोन वर्षांमागं मी नुसतं बोलून बघितलं होतं. आपल्या गल्लीत सगळीकडे क्लासची पोरं राहतात, दहा-बारा डबे सहज जातील, म्हटलं. तुम्ही शेंगा फोडत होता. हात थांबला.

"जेवल्याचं पैसं घेतेत का कुठं? आपुन काय हाटेल टाकलंय का?"

"अहो पण कष्टाचे पैसे, त्यात काय वाईट?"

"कष्ट कर की. पिको-फॉल कर, शिकवणी घे. मी न्हाई म्हनले का? पर ह्या घरातली भाकर इकायची न्हाई. मी हाय तोवर तर न्हाई."

विषय संपला. मला राग आला होता, पण आतून अभिमानही वाटला होता, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. कारण मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. अहमदपूरला मामंजींच्या आडतीवर माल घेऊन येणारा माणूस आपल्या घरी जेवल्याशिवाय परत गेला नाही. लातूरला आलो तरी ते सुटलं नाही. तिकडून कुणाचं पेशंट सरकारी दवाखान्यात आलं की बरोबरची बाई पत्ता विचारत आपल्याकडं. "आक्का हायत का?" मग तुम्ही परातीत आणखी दोन मुठी पीठ टाकायच्या. दासोह म्हणजे काय ते मला स्वामींच्या प्रवचनात कळलं नाही, तुमच्या त्या दोन मुठीत कळलं.

आणि आता मी तुमच्याच पोळपाटावर चव्वेचाळीस पोळ्या लाटते. अकरा डबे, प्रत्येकी चार. गौरीनं पाटी रंगवली आणि ह्यांनी फाटकाशेजारी ठोकली. "घरगुती मेस. महिना सोळाशे. सुटा डबा साठ रुपये." ठोकताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सगळं वजा जाता तीनएक हजार सुटतात. म्हणजे नेमकं जे वाढलं ते. मला तर वाटतं बँकेनं व्याज नाही वाढवलं, रोज अकरा माणसांचा स्वयंपाक वाढवला.

एक गोष्ट केली मात्र, ती तुम्हाला आवडेल. दिवाळीत चौकात त्याच बँकेचा मोठा बोर्ड लागला, नवीन घरकर्ज, आणि व्याज आपल्यापेक्षा कमी! मी डब्यांची पिशवी घेऊन तशीच बँकेत गेले. म्हटलं, साहेब, जुन्या गिऱ्हाइकाला महाग आणि नव्याला स्वस्त, हे कुठल्या दुकानात चालतं? तो जरा चपापला. मग म्हणाला, अर्ज करा, पाच-सहा हजार फी भरा, तुमचाही दर उतरवून देतो. "मग हे आधी का नाही सांगितलं?" "मॅडम, कुणी विचारत नाही." विचारत नाही! आपल्या घरात विचारणारी एकच होती आणि तिला आम्ही हसलो होतो. फी भरली, हप्ता पाचशेनं उतरला. घरी सांगितलं तर हे हसले, किती दिवसांनी हसले. पाचशेनं मेस बंद होत नाही, पण तुम्ही असता तर त्या दिवशी मला जवळ बसवून घेतलं असतं.

आता मंगळवारचं सांगते. इतका वेळ मी इकडं तिकडं फिरवते आहे ते त्याच्यासाठीच.

अकरा वाजले होते. साडेअकराला ऑटोवाला डबे न्यायला येतो आणि पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. ओट्यावर डबे उघडे, एका शेगडीवर पोळ्या, एकीवर वरण. फाटक वाजलं. "आक्का! ओ आक्का! हायत का घरात?"

शांताबाई. मी आवाजावरून ओळखलं. वर्षभर ती पुण्याला लेकाबरोबर बांधकामावर होती, तिला तुमचं कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हाही आमचाच दोष. तिच्या लेकीचं सिझर झालं होतं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि ती नेहमीसारखी स्टँडवरून चालत आपल्या घरी आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पायातली चप्पल एका बाजूनं तुटलेली.

मी उलथणं हातात घेऊनच बाहेर आले. कसं सांगायचं ते कळेना, म्हणून सरळ सांगून टाकलं. "शांताबाई, आत्याबाई गेल्या. आठ महिने झाले."

ती पायरीवर खाली बसली. ओरडली नाही. पदर तोंडात धरला आणि डोकं भिंतीला टेकवून रडली. "मला कुनीच कसं सांगितलं न्हाई गं माय?" एवढंच. मी तिच्याशेजारी बसले, आत्याबाई, बसले मी. पाठीवरून हात फिरवला. आणि त्याच वेळी नाकाला करपल्याचा वास आला आणि मी आत पळाले. पोळी जळाली होती. म्हणजे आता त्रेचाळीस होणार, एकदा कणीक भिजवावी लागणार, आणि ऑटो यायला वीस मिनिटं! हे सगळं मी हिशेब करत होते आणि बाहेर तुमची मैत्रीण तुमच्यासाठी रडत होती.

तिला पाणी दिलं. चहा देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. "जेवून जा" हे मी म्हटलं नाही. विसरले असं सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता, पण मी विसरले नव्हते. शब्द अगदी ओठावर होता. डोळ्यासमोर अकरा डबे होते. घरात आमच्यासाठी सकाळची पोळी नव्हतीच, डबे गेल्यावर उरलंसुरलं मी खाते. तिला वाढायचं म्हणजे कुणाच्या तरी पैसे भरलेल्या डब्यातून काढायचं. पुन्हा पीठ मळता आलं असतं. उशीर झाला असता, ऑटोवाला बोलला असता, एखादं पोरगं उपाशी राहिलं असतं किंवा डबा बंद केला असता. एवढंच ना? एवढ्यासाठी मी गप्प बसले.

तिनं तोंड धुतलं. फाटकाजवळ ती पाटीसमोर थांबली. तिला वाचता येतं, तुम्हीच शिकवलंत ना अहमदपूरच्या ओट्यावर? मी खिडकीतून बघत होते. तिनं ओठ हलवत सगळं वाचलं, मग मागं वळून म्हणाली, "जाते माय. पोरगी एकटीच हाय तितं." आणि उन्हात निघून गेली.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. गुरुवारी मी बारावा डबा भरला. पोळ्या, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वरणभात, आणि बाळंतिणीसाठी वेगळी खीर. डबे पाठवून स्कूटी काढली आणि दवाखान्यात गेले. ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर बसली होती. मला बघून धडपडून उठली, जणू मोठं कुणी आलं. "तुम्ही कामून आलाव ताई एवढ्या उन्हाचं?"

ताई! लग्नापासून मला महानंदा म्हणणारी बाई.

मी म्हटलं, मंगळवारी तुम्हाला जेवा म्हटलं नाही, चुकलं माझं. ती म्हणाली, "न्हाई वो, तुमचं काम चाललं होतं की." मग बाळाविषयी बोलली, पेटीतून काढलंय, दूध ओढतंय. आम्ही तुमच्याविषयीही बोललो. तुम्ही एकदा तिच्यासाठी सोनाराशी भांडलात, ते तिनं सांगितलं, मला माहीतच नव्हतं. ती जेवली. हळूहळू, एकेक घास नीट चावून, पाहुण्याच्या घरी जेवतात तसं. मला इतकं बरं वाटत होतं! वाटलं, झालं, मिटलं. डबा मी तसाच नेते म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. नळावर जाऊन स्वच्छ घासून, पदरानं पुसून, झाकण लावून माझ्या हातात दिला.

घरी येऊन डबा उघडला. वरच्या पुडात पन्नासची नोट होती. चार घड्या घातलेली, ओलसर.

आत्याबाई, पाटीवर साठ लिहिलंय. तिच्याकडं पन्नासच असतील का हो? की आपल्या माणसाला दहा रुपये सोडतील असं तिला वाटलं? तीस वर्षं तुमच्या हातचं जेवलेली बाई, कधी तिनं एक पैसा काढला नाही, काढला असता तर तुम्ही तिचा हात झटकला असता. आणि मी डबा घेऊन गेले तर ती पैसे ठेवते. तिनं हिशेब बरोबर केला. मंगळवारी पैसे नव्हते म्हणून जेवण नव्हतं, गुरुवारी जेवण आलं म्हणजे पैसे. मीच तिला तसं शिकवलं.

शुक्रवारी सकाळी नोट घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. खाट रिकामी होती. शेजारची बाई म्हणाली, सुट्टी मिळाली, बाळ घेऊन गावाकडं गेल्या. नोट अजून फिल्टरवर आहे. हप्त्याच्या पैशांत टाकवत नाही, देवापुढं ठेवायची लाज वाटते. हे विचारतात, ही कुणाची? मी म्हणते, द्यायचीय एकाची.

आता एक बोलू का? तुम्ही असता तर बोलले नसते. नोट बघून बघून माझ्या मनात एक गोष्ट आली. तुम्ही शांताबाईला तीस वर्षं जेवू घातलंत, पण तिच्या घरी तुम्ही एकदा तरी जेवलात का? तिच्या लेकीच्या लग्नाला आपण गेलो होतो. अक्षता टाकल्या, आहेर केला, आणि ताटं मांडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझा उपास हाय." त्या दिवशी कसला उपास होता, आत्याबाई? मला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. ती तुमच्यासाठी केळी घेऊन आली. स्वामी दर सोमवारी सांगायचे, शरणांच्यात उच्च-नीच नाही, आणि आपण माना हलवायचो, बँकेत हलवल्या तशाच. द्यायला तुमचा हात फार मोठा होता. घ्यायला तो कधी पुढं झाला नाही. तिनं पन्नास रुपये ठेवले ते मेसच्या पाटीमुळं, हे खरं. पण आपल्यात आणि तिच्यात परतफेडीचा दुसरा रस्ता आपणच कधी ठेवला नव्हता, हेही खरं नाही का?

रागावलात? रागवा. मला तुमची इतकी आठवण येते की तुमचं रागावणंसुद्धा चालेल.

मी मेस बंद करणार नाही. तुम्हाला खोटं वचन देऊन काय करू? पाटी राहील, अकरा डबे राहतील, जमलं तर पंधरा होतील. व्याज पुन्हा वर जाईल, खाली येईल, आणि प्रत्येक पत्र मी आलं त्या दिवशी उघडणार आहे, सोमवार असो नाही तर अमावस्या. एवढं तुम्हाला सोसावं लागेल.

पण रविवारी डबे नसतात. ह्या रविवारी सकाळच्या एस. टी. नं मी अहमदपूरला जाणार आहे, आधी तुमच्याकडं शेतात येईन, आणि तिथून पुढच्या गाडीनं शांताबाईच्या गावाला. बाळाला टोपडं-झबलं घेतलंय. नोट घरीच ठेवून जाणार. ती परत केली तर ती बिचारी आणखी मेल्याहून मेल्यासारखी होईल. मी तिच्या चुलीपुढं बसणार आहे आणि मला भूक लागली आहे म्हणून सांगणार आहे. ती गडबडेल, दुकानातून बिस्किटचा पुडा आणायला कुणाला तरी पिटाळेल. मी म्हणेन, पुडा नको शांताबाई, भाकर टाका. आणि पोटभर जेवून, तिच्या ताटात एक रुपयाही न ठेवता, हात धुऊन उठेन. हे वचन मी तुम्हाला देते, तुम्हाला आवडो न आवडो.

तुमची सून,
महानंदा